इंग्रजी पोथीचा तिसरा भाग

लातूर,
आषाढ वद्य ६, शके १८५९

ती. गं. भा. चंद्रप्रभा मावशीस,
कुसुमचे सा. न. वि. वि.

अहमदपूरच्या मोटारीनं तू पाठवलेलं पुस्तकांचं बोचकं सुखरूप पोचलं. भूमितीचं पुस्तक मी लगेच तळाशी सारलं, तर वर इंग्रजी कादंबरीचे ते दोन जाडजूड भाग आले. मावशी, हे एवढं सगळं परीक्षेला? तिसरा भाग बोचक्यात नव्हता. मोटारवाल्याकडे राहिला की तूच विसरलीस?

दादांनी मला मॅट्रिकला बसायला हो म्हटलंय, पण त्यांची अट तुला ठाऊकच आहे. चांगलं स्थळ आलं की वह्या-पुस्तकं माळ्यावर. परीक्षा फाल्गुनात, आणि तुळशीचं लग्न लागलं की कार्तिकापासूनच घरोघरी मुहूर्त निघू लागतील. म्हणजे माझ्या हातात खात्रीचा असा हा चातुर्मासच आहे. बाहेरून परीक्षेला बसणारी लातुरातली मी एकटीच मुलगी, म्हणून गंजाच्या बाजारपेठेतले लोक दादांना चेष्टेनं बालिस्टरचे बाप म्हणतात. मग दादा घरी येऊन आमच्यावर चिडतात.

आता गंमत ऐक. आत्याबाईंचे पोथीवाले भटजी लेकीकडे भोकरला गेले आणि तिथंच पाय मोडून बसले. चातुर्मास लागलेला, दुपारी बायका जमलेल्या, आणि पोथी सांगायला कोणी नाही. मी आत कादंबरी मोठ्यानं वाचत होते आणि एकेका वाक्याचं मराठी करत होते. तुझीच शिकवण. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ही कुणाची कथा, म्हणून विचारलं. मी सांगितलं की, विलायतेत एक मार्जरी नावाची मुलगी असते, तिचा बाप सुताची गिरणी तिच्या नावावर ठेवून मरतो. लगेच हुकूम झाला की, बाहेर येऊन हेच सांग, पोरीच्या जातीची कथा आहे, ऐकायला हरकत नाही.

हरकत आलीच. पुस्तकाची बांधणी कातडी! चौरंगावर कातडं ठेवायचं म्हणजे काय, म्हणून आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले. शेवटी शेजारच्या गफूरचाचांच्या घरून कमरुन्निसाबी आल्या आणि त्यांनी हिरव्या रेशमी कापडाचं एक गवसणं शिवून दिलं. त्यांच्याकडे धर्मग्रंथाला घालतात तसं. ते घातल्यावर पोथी शुद्ध झाली. आत्याबाईंनी हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला की, ही पोथी पुरी ऐकेन, आणि समाप्ती होईपर्यंत चहा वर्ज्य. मावशी, चहा! ज्यांना सकाळी कपभर चहा मिळाला नाही तर अख्ख्या गल्लीला कळतं, त्यांनी.

मी घाबरलेय. पुस्तकात कुणी देव नाही, कुणी साधू नाही. पुढे काही भलतंच निघालं तर काय करू? लवकर लिही. तिसऱ्या भागावर आणि माझ्यावर सारखाच लोभ ठेव.

तुझी,
कुसुम


नांदेड,
श्रावण शुद्ध ११

चि. कुसुम हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आधी एक खडसावते. मला गं. भा. लिहू नकोस. मी नुसती मावशी आहे. पाकिटावर माझा नवरा मेल्याची दवंडी पोस्टमनपर्यंत पिटायचं कारण नाही, त्याला ती गोष्ट वीस वर्षांपासून माहीत आहे.

तिसरा भाग मी विसरलेली नाही. इथल्या वाचनालयात दोनच भाग आहेत, तिसरा कुणीतरी नेला तो नेलाच. शोधते आहे. विलायतेत त्या काळी कादंबऱ्या तीन तीन भागांत छापत, कारण तिकडे भाड्यानं पुस्तकं देणारी मोठी दुकानं होती. एक भाग एकाला, दुसरा दुसऱ्याला, म्हणजे एकाच कादंबरीवर तीन गिऱ्हाइकं. आपल्या गंजातले लोक उगाच बदनाम आहेत. आणि ही कादंबरी छापली तेव्हा वर लेखकाचं नावच नव्हतं. माझी तर खात्री आहे की बाईनंच लिहिलीय. चुलीवरचं दूध कधी उतू जातं हे पुरुषाला एवढं नेमकं कळत नाही.

तू पहिला भाग वाचून मार्जरीवर चिडणार हे मला ठाऊक आहे. गिरणी हिची, नवरा दारूत बुडालेला, मग ही त्याला घराबाहेर का काढत नाही? अगं, काढणार कशी? त्या काळच्या विलायती कायद्यानं लग्न लागलं की नवरा-बायको मिळून एकच माणूस, आणि तो माणूस म्हणजे नवरा. चर्चमध्ये जाताना गिरणी हिची होती, बाहेर येताना त्याची झाली. हिच्या अंगावरच्या कपड्यांवरसुद्धा हिचा हक्क नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! हे कळल्याशिवाय पुस्तक वाचलंस तर मार्जरी तुला मुळूमुळू रडणारी बाई वाटेल. कळून वाचलंस तर ती केवढी धीराची आहे ते दिसेल. परीक्षकाला हेच हवं असतं. नुसती गोष्ट तर कुणीही सांगतं.

दुसऱ्या भागात तिचा नवरा मरेल. बायकांना आधी सांगून ठेव, नाहीतर आत्याबाई मध्येच आंघोळीला उठतील. मग ती काळे कपडे घालते, नखशिखांत काळे, चमकसुद्धा नको. दोन वर्षांनी करडे, मग जांभळे, मग रंग. मला वाचताना काय वाटलं सांगू? राग आला आणि हेवाही वाटला. त्यांच्या दुःखाला निदान पायऱ्या होत्या, एकीवरून दुसरीवर उतरता येत होतं. इथं मी चौदाव्या वर्षी जी बसले ती अजून पहिल्याच पायरीवर, असं लोकांचं म्हणणं. मी केव्हाच उठून शाळेत शिकवायला गेले ही गोष्ट वेगळी.

भूमिती टाळू नकोस. तुझ्या दादांना, अनंतरावांना, माझा नमस्कार सांग, पण ते खुशीत असतील तेव्हा.

मार्जरीच्या पाठीशी आहे तशीच तुझ्याही,
मावशी


लातूर,
भाद्रपद वद्य ३

ती. मावशीस,
कुसुमचे सा. न. (बघ, गं. भा. गाळलं.) वि. वि.

मावशी, दुपारी आता ओसरीवर बसायला जागा पुरत नाही. मार्जरी हे नाव कुणालाच म्हणता येईना, म्हणून तिचं बारसं झालं. ती आता मंजिरी. तिच्या धाकट्या दिराला, तो गिरणी बळकावायला टपलेला, बायका नुसतं मेला म्हणतात.

पण पोथीचे नियम माझ्या मुळावर आलेत. पोथीत वाईट जागी थांबायचं नसतं ना? वनवासात, उपासात, मरणात अध्याय संपवायचा नाही, चार ओळी पुढे जाऊन बरं काही आलं की मगच थांबायचं. इंग्रजी पोथीत शुभ जागा सापडता सापडत नाही. मंजिरीचा नवरा गेला त्या दिवशी मी वाचत सुटले. प्रेतयात्रा झाली, मृत्युपत्र वाचलं गेलं, त्यात गिरणी दिराच्या नावे निघाली, बाहेर मजूर उपाशी, आणि आत्याबाई हातानंच खुणावतायत की पुढे चल. शेवटी म्हाताऱ्या मोलकरणीनं मंजिरीला गरम चहा करून दिला, तिथं मी कशीबशी थांबले. आत्याबाईंनी चहाचं नाव ऐकून मोठा सुस्कारा टाकला.

तू सांगितलेला कायदा मी सगळ्यांना सांगितला. कमरुन्निसाबींना विश्वासच बसेना. त्यांचं म्हणणं की, आमच्यात निकाहात ठरलेली मेहरची रक्कम बाईची, माहेरचा हिस्सा बाईचा, नवऱ्याला बोट लावता येत नाही, मग एवढ्या मोठ्या राणीच्या राज्यात हे कसलं खूळ? तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या की, कागदावर तुझं असेल बाई, पण प्रत्यक्षात तुझ्या भावानं तुला काय दिलं ते सांग. कमरुन्निसाबींनी आत्याबाईंकडे पाहिलं आणि दोघी खूप हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

आणि दादा! ते जेवून पडवीत आडवे होतात ते झोपायला, असं आम्ही समजत होतो. पुस्तकात अमेरिकेची लढाई सुरू झाली, तिकडचा कापूस बंद झाला, गिरण्या थंडावल्या, आणि मग हिंदुस्थानातून कापूस आला. मजूर त्या कापसाला शिव्या देतात. धागा आखूड, चाकावर तुटतो, आत कचरा नि सरकी. मी एवढं सांगते तोच पडवीतून दादांचा आवाज चढला की, कचरा आमच्या शेतकऱ्यानं घातला नव्हता, मुंबईच्या वाटेवरच्या दलालांनी घातला होता, हेही त्या पुस्तकात लिही म्हणावं! बायकांनी पदर तोंडाला लावले. दुसऱ्या दिवसापासून दादा उघडपणे दाराशी बसतात.

आता वाईट बातमी. अहमदपूरच्या शेषेरावांकडून मला मागणी आलीय. मुलाचं नाव उद्धव, वकिलाच्या कचेरीत आहे, वाईट काही ऐकलं नाही. मार्गशीर्षातला मुहूर्त धरायचा म्हणतात. परीक्षा नको, घरात मॅट्रिक सून आली तर मुलगा काय तिच्या वरचढ राहायला इंटरमिजिएट व्हायचा का, असा त्यांचा सवाल आहे. दादांनी हो म्हटलंय. मी रडले नाही. पण मावशी, मला परीक्षेला बसायचंय. पास झाले नाही तरी चालेल, पण बसायचंय. कुणीतरी माझ्यासमोर प्रश्नांचा कागद ठेवावा आणि उत्तर माझं मी लिहावं, एवढंच.

दुसरा भाग संपत आला. पोथी पुरी झाल्याशिवाय घरात मंगलकार्य नाही, असं आत्याबाई शेषेरावांच्या माणसापुढे सहज बोलून गेल्या. तिसरा भाग नसला तर पोथी पुरी कशी होणार, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून घोळतंय.

धीर आणि उत्तर दोन्ही पाठवणाऱ्या मावशीची,
कुसुम


नांदेड,
आश्विन वद्य २

चि. कुसुम हीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस माझं डोकं तापलेलं होतं. शाळेतल्या पोरींना विनाकारण बोलणी बसली. आता शांत होऊन लिहिते.

आधी कापूस. अनंतरावांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. ती लढाई तीन-चार वर्षं चालली. तिकडे विलायतेत गिरण्या बंद, मजुरांची पोरं अन्नछत्रापुढे रांगेत, आणि इकडे आपल्याकडे कापसाला कधी नव्हे तो भाव. तुमच्या घरी पोळ्याला बैलांच्या शिंगांच्या टोकांना ज्या चांदीच्या शेंब्या घालतात ना, तुझ्या आईच्या, ताईच्या, लग्नात मी त्या पाहिल्या आहेत, त्या अनंतरावांच्या आजोबांनी कधी केल्या विचार. ताईनं मला सांगितलं होतं, कापूस चढला त्या साली. म्हणजे मंजिरीच्या गावात ज्या वर्षी चुली विझल्या त्याच वर्षी लातुरात ही चांदी घडली. कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण पुस्तक वाचताना हे दोन्ही एका वेळी डोळ्यांपुढे ठेव. मग लढाई थांबली, भाव कोसळला, आणि चांदी करणारे पुष्कळजण सावकाराच्या दारात गेले. ते कादंबरीत नाही, ते आपल्याला आपलं माहीत असावं लागतं.

आता तिसरा भाग. कुसुम, तो सापडला.

देगलूरला एका जुन्या वकिलांच्या घरी असेल असं कळलं, म्हणून सुटीत मोटारीनं गेले. वकील वारलेले, त्यांच्या सूनबाई कमलम्मा निम्मं तेलुगू निम्मं मराठी बोलत मला घरभर हिंडवत होत्या. पुस्तक काही दिसेना. जेवायला बसले तर लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेलं! घट्ट बसावं म्हणून, असं त्या म्हणाल्या, आणि बदल्यात मला बरणीवर ठेवायला चांगला दगड शोधून द्यावा लागला. पुस्तकाला आंब्याच्या लोणच्याचा वास आहे, पण पानं सगळी आहेत. मी येतानाच मोटारीत वाचून काढलं.

आता ते माझ्या टेबलावर आहे आणि मी ते पाठवलेलं नाही. पाठवलं तर पोथी पुरी होते आणि तुझं लग्न लागतं. न पाठवलं तर तुला शेवट माहीत नाही, आणि परीक्षेत अर्धे प्रश्न शेवटावर असतात. इकडे आड तिकडे विहीर. मी खोटंही बोलू शकते की सापडलंच नाही. मास्तरीणबाई आहे, पण तुझ्यासाठी बोलेन. तू सांगशील तसं. मात्र ठरवायचं तू. मला माझ्या लग्नाचं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तुला विचारते.

वाट पाहणारी,
मावशी


लातूर,
कार्तिक शुद्ध ३

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पाठव.

मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. पुस्तक सापडलं हेही, तू खोटं बोलायला तयार होतीस हेही. त्यांचा निरोप असा की, चंद्रप्रभेला म्हणावं खोटं कशाला बोलतेस, इथं मी मेले नाही अजून. पुस्तक येऊ दे.

त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत नाही. पण चोरून काही मिळवलं तर परीक्षेत माझ्याच्यानं उत्तर लिहवणार नाही. पाठव.

कुसुम


लातूर,
मार्गशीर्ष शुद्ध ९

ती. मावशीस,
कुसुमचे सा. न. वि. वि.

पुस्तक आलं, त्याला महिना होऊन गेला. लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काय होईल तेच कळत नव्हतं. आता सविस्तर ऐक.

तिसरा भाग आला त्या दिवशी आत्याबाईंनी तो हातात घेतला, वास घेतला, आणि म्हणाल्या की, सध्या रमजान चाललाय, कमरुन्निसाला रोजे आहेत, घरची कामं आहेत, तिला दुपारी बसवणार नाही. पहिल्या दिवसापासून जी मंडळी ऐकायला बसली त्यांच्यातलं एक माणूस वगळून पोथी पुढे नेता येत नाही. दादा म्हणाले की, हा नियम कोणत्या शास्त्रात आहे? आत्याबाई म्हणाल्या की, माझ्या.

आणि तो भाग त्यांनी मला दिला. मी वाचू का, म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, वाच की, पोथी कानांनी ऐकली तरच पुरी होते. तू मनात वाचलीस ती तुझी विद्या, ती पोथी नव्हे. फक्त ओठ हलवू नकोस, आणि शेवट काय झाला ते मला चुकूनही सांगू नकोस. मावशी, मी समोर बसून वाचायची आणि त्या वाती वळत माझं तोंड निरखायच्या. एकदा मला हसू आलं तर त्या झटकन उठून आत गेल्या. शेवट कळेल म्हणून!

मग ईद झाली. कमरुन्निसाबींनी शेवया, साखर, खारीक, चारोळी असा कोरडा शिधा दरसालप्रमाणे पाठवला, आणि दुपारी स्वतः येऊन बसल्या. आता काही सबब उरली नव्हती. चहा सुटून पाच महिने होत आलेले. आत्याबाईंचं डोकं दुखायचं, पण त्या बोलायच्या नाहीत.

पाच दिवसांपूर्वी अहमदपूरहून शेषेराव स्वतः आले. ओसरीवर बैठक बसली. पुस्तक आलंय असं ऐकतो, तेव्हा दोन दिवसांत वाचून उरका आणि मुहूर्त धरा, असं त्यांचं म्हणणं. दादाही म्हणाले की, कुसुम, आजच बस. मी उठले. पुस्तक गवसण्यातून काढलं. तेवढ्यात आत्याबाई आतून बाहेर आल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी येत नाहीत, तुला माहीत आहे. पदर सावरला, आणि उभ्यानंच सांगितलं की, पोथी मी ऐकायची आहे, संकल्प माझा आहे, आणि पोरीची परीक्षा होईपर्यंत मी ऐकणार नाही. आता नियम नाही, शास्त्र नाही, रमजान नाही. मी ऐकणार नाही म्हणजे नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

शेषेरावांनी पागोटं उचललं. एका बाईच्या हट्टापायी सोन्यासारखं स्थळ घालवता आहात, असं दादांना सुनावून ते संध्याकाळच्या मोटारीनं गेले. काल निरोप आला, उद्धवचं दुसरीकडे ठरतंय.

दादा चार दिवस जेवून उठले की थेट गंजात जायचे. घरात भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं. आज दुपारी एकाएकी माझ्याजवळ येऊन विचारलं की, शेंब्यांचं मावशीनं जे लिहिलं होतं ते खरं का? मी तुझ्या पत्रातला तेवढा भाग वाचून दाखवला. त्यांनी कपाटातून शेंब्या काढल्या, तळहातावर घेऊन बघत राहिले. मग म्हणाले की, आजोबा हयातभर सांगायचे, देवानं दिलं. कुठून काढून दिलं ते कधी कुणी विचारलं नाही. आणि जाता जाता म्हणाले की, परीक्षेला नांदेडला तुला एकटीला पाठवणार नाही, मी येतो.

मावशी, मी बसणार आहे! आता भूमितीलाच तेवढं सांभाळून घे.

आनंदानं वेडी झालेली,
कुसुम


नांदेड,
फाल्गुन वद्य १

ती. शिवकांताबाईंस,
चंद्रप्रभेचा कृतानेक नमस्कार. वि. वि.

हे पत्र कुसुम आपल्या आत्याबाईंना, म्हणजे तुम्हांला, वाचून दाखवेल, आणि वाचताना लाजून काही गाळेल. तिला म्हणावं, मावशीची शपथ, एक अक्षर गाळायचं नाही.

परीक्षा झाली. पहिल्या दिवशी पोरगी वाटभर प्रमेयं पुटपुटत होती. अनंतराव तिला दारापर्यंत सोडून आले आणि समोरच्या कडुलिंबाखाली उपरणं अंथरून बसले. मी म्हटलं, घरी चला, पेपर तीन तासांचा आहे. तर म्हणाले की, गंजात लिलावाच्या वेळी मी माल सोडून कधी हलत नाही. माझ्या बहिणीच्या लेकीला माल म्हणाल्याबद्दल मी त्यांना तिथल्या तिथं फैलावर घेतलं. पण ते तीनही तास तिथंच बसून राहिले हे मी विसरणार नाही.

कादंबरीवर प्रश्न आला. शेवटी मार्जरी जे उत्तर देते ते स्वार्थी म्हणावे काय, कारणे द्या. ते उत्तर काय आहे ते इथं लिहीत नाही, तुमची पोथी राहिली आहे. एवढं सांगते, कुसुमनं नवराबायकोचा कायदा लिहिला, काळ्या कपड्यांच्या पायऱ्या लिहिल्या, आणि तुमच्या घरच्या चांदीच्या शेंब्याही लिहिल्या. मी कपाळाला हात लावला. परीक्षकाला लातूरच्या बैलांशी काय करायचंय? तर म्हणते कशी, मावशी, त्याला माहीत नसेल म्हणूनच लिहिलं.

शिवकांताबाई, ताई गेली तेव्हा मला वाटायचं, तुमच्या हाताखाली ही पोर चुलीपाशीच संपणार. तुमच्याबद्दल मी मनात फार वाईट धरलं होतं. तुम्ही इंग्रजीला नाकं मुरडता एवढंच मला दिसलं होतं. आता पोथी पुरी करा आणि चहा घ्या. नांदेडहून चांगली पुडी पाठवते आहे.

तुमच्या लोभात जागा मागणारी,
चंद्रप्रभा


लातूर,
ज्येष्ठ वद्य ४, शके १८६०

चि. चंद्रप्रभेस,
शिवकांताचे आशीर्वाद.

पत्र कुसुम लिहिती, सांगती मी. तिला बजावलं हाय, मी बोलीन तसंच लिही, तुझं शुद्धबिद्ध त्यात घालू नको. सुरुवातीला ती गं. भा. घालायला लागली तर मीच नको म्हनलं. तुला आवडत न्हाई, आन मला तरी कुठं आवडतंय.

निकाल तुला आधीच कळलाय. पोरगी पास झाली. भूमितीत काठावर, हाव, पण काठावरचं मानूस बी नदीच्या बाहेरच असतंय. अनंतानं गंजात पेढे वाटले. बालिस्टरचा बाप म्हणणारे सगळ्यात पुढं होते खायला.

पोथीची समाप्ती चैत्रातच केली. तिसऱ्या भागात एक भला डॉक्टर मंजिरीला लग्नाचं इचारतो, आन ती न्हाई म्हणत न्हाई. म्हणती, थांब. गिरणी तर दिरानं नेली, पण मी भाड्याच्या छपरात चार माग टाकलेत, त्याच्या कागदावर माझी सही हाय. आज लगीन केलं तर ती सही पुसली जाती. कायदा बदलंल तवा ये, मी हितंच हाय. कुसुमनं एवढं वाचलं आन गवसणी घातली. कुनी उठंना. कमरुन्निसा रडत होती. अनंता म्हनला, डॉक्टर थांबला का न्हाई ते लिहिलंच न्हाई की. मी म्हनलं, न लिहिलेलंच बरं. थांबली ती, ह्ये काय कमी हाय?

मग चहा घेतला. तुझ्या पुडीचा. लई कडक झाला, पर सोडला न्हाई.

आता एक सांगते, ही पोरगी म्हणती हे लिहू नका, मी म्हणते लिही. मी नऊ वरसांची होते. माहेरी पोथी लागली होती. एक राजाची लेक रानात हरवली होती, आन त्या दिवशी भटजी तितंच थांबले, कारन मला न्यायला सासरची गाडी दाराशी आली होती. मला उचलून गाडीत घातलं. मी इचारत होते, ती सापडली का, ती सापडली का. कुनी सांगितलं न्हाई. पुन्हा त्या माहेरी गेले ती पांढरं नेसून, तवा इचारायचं तोंड न्हवतं. लोक म्हणतात शिवकांता पोथीची लई खुळी. मी खुळी न्हाई गं. मला एवढंच वाटायचं, अर्ध्यात उचलून नेलेली मी एकलीच पुरे. तू मला दूधखुळी समजलीस तवा मी उगाच हसत होते. संकल्पाचं पानी हातावर घेतलं तवाच मला ठाऊक होतं ते कशासाठी सोडते.

आता काम. अनंता म्हणतो, झाली मॅट्रिक, झाली पोथी, वैशाख गेला तर गेला, दिवाळीनंतर बघू एखादं स्थळ. मी म्हनलं, बघ की. पर आखाडी एकादशी आली तोंडावर. मी पुन्हा संकल्प सोडनार. हैद्राबादेला पोरींचं कॉलेज हाय असं तूच पत्रात लिहिलं होतंस. तितं तिची सोय बघ. ती तितून एकेक अध्याय मराठीत लिहून पाठवंल. वाचंल कोन, म्हनशील. मी आन कमरुन्निसा दुपारी पाटी घेऊन बसतोय. सालेहा, तिची लेक, शिकवती. अक्षरं अजून खेकड्यावानी चालतात, पर चालतात.

तवा पुस्तक धाड. त्याच बाईचं असलं तर बरं, दुसरीचं असलं तरी चालंल. फकत तीन भागांचं धाडू नको. तीन भाग लवकर सरतात. कॉलेज सरेस्तोवर पुरलं पायजे.

आन ह्या वक्ताला चहा न्हाई सोडनार. वांगं सोडते.

खालची सही माझी मीच केली हाय, कुसुमनं हात धरलेला न्हाई.

शिवकांता